गळ्यातलं लोढणं कसं उतरवायचं: दुर्बिणीसाठी हार्नेस निवडताना

भिगवणला पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या गळ्यात १० बाय ५० ची दुर्बीण होती. उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) बघायचे म्हणून पहाटे पुण्याहून निघालो आणि दहा वाजेपर्यंत माझी मान आखडली. नावाडी काका बराच वेळ बघत होते. मी तिसऱ्यांदा पट्टा उचलून मान चोळल्यावर म्हणाले, "ताई, हे लोढणं बांधून कशाला फिरताय?"

लोढणं हाच शब्द बरोबर. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर दुर्बीण ९०० ग्रॅमच्या वर भरली. तेवढं वजन दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर, सहा तास. त्यानंतरच्या काही वर्षांत मी तीन हार्नेस घेतले. त्यातले दोन चुकीचे निघाले. तुमचे ते पैसे वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

हार्नेस म्हणजे दुर्बिणीचं वजन मानेवरून काढून दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर वाटून देणारी पट्ट्यांची जोडणी. ऑनलाइन शोधायला लागलात की बहुतेक ठिकाणी 'हंटिंग' हा शब्द दिसेल. दचकू नका. छातीवर बांधायच्या बंद पाऊचचा प्रकार अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या शिकाऱ्यांमध्ये रुळला. तिथे परवाना घेऊन हरणांची किंवा एल्कची शिकार करणारे लोक डोंगरउतारावर बसून तासन्‌तास दुर्बिणीने समोरची दरी न्याहाळतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, पण तासन्‌तास न्याहाळणं आपणही करतो. वस्तू तीच, हेतू वेगळा. मात्र त्यांची गरज थंड, कोरड्या हवेतली आणि आपली एप्रिलच्या घामातली. हा फरक पुढे पुन्हा पुन्हा येईल.

हाताशी काय काय हवं:

– स्वयंपाकघरातला वजनकाटा
– शिंप्याची टेप
– तुमची नेहमीची सॅक, नेहमीचं सामान आणि पाण्याच्या बाटल्या भरून
– जंगलात घालता तेच कपडे, हिवाळ्यातलं जाकीटसुद्धा
– मोठा आरसा किंवा फोटो काढून देणारं घरातलं कुणीतरी
– दुर्बीण अर्थातच, आणि तिच्यासोबत आलेला मूळ पट्टा (टाकून दिला नसेल तर)

१. आधी दुर्बिणीचं वजन करा

दुर्बिणीवरच्या ८ बाय ४२ सारख्या आकड्यात पहिला आकडा किती पट जवळ दिसतं त्याचा आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. वजन बरंचसं या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. २५ ची खिशातली दुर्बीण साधारण ३०० ग्रॅमची असते. तिला हार्नेसची गरज नाही, मनगटात दोरी अडकवा आणि चालू लागा. ३२ ची साधारण ४५० ते ६०० ग्रॅम. ४२ ची, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक पक्षीनिरीक्षक वापरतात ती, ६०० ते ७५० ग्रॅम. ५० ची ८०० च्या पुढे.

माझा ठोकताळा असा: ५०० ग्रॅमच्या आत असेल तर हार्नेसचा विचार सोडा आणि मूळ पट्टा नीट बांधायला शिका. बहुतेकांची दुर्बीण पोटापर्यंत लोंबत असते. पट्टा आखूड करून ती छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आणली, की झोका कमी होतो आणि अर्धा त्रास तिथेच संपतो. पट्टा फार अरुंद असेल तर चार बोटं रुंदीचा, मऊ अस्तराचा घ्या. वजन तेवढंच राहतं, पण दुप्पट जागेवर पसरलं की मानेला ते निम्म्यासारखं वाटतं. एवढ्यावर भागलं तर हा लेख इथेच सोडून द्या, खरंच.

२. तुम्ही कुठे आणि कसे बघता, ते स्वतःला विचारा

ही पायरी मी गाळली आणि पहिला हार्नेस वाया गेला.

भिगवणला होडीत बसून रोहित, चक्रवाक, पट्टकादंब बघायचे तर घाई नसते. पक्षी समोर बसलेले असतात, दुर्बीण डोळ्याला लागायला चार सेकंद गेली तरी काही बिघडत नाही. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत तसं नाही. स्वर्गीय नर्तक एका फांदीवर जेमतेम दोन सेकंद टेकतो. तिथे झाकण उघडा, दुर्बीण बाहेर काढा, मग डोळ्याला लावा, असं करत बसलात तर हाती फक्त हलणारी फांदी लागते. सासवडकडच्या माळावर हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर, एक शिकारी पक्षी) बघताना उलटा प्रश्न येतो. दुर्बीण डोळ्यावर पाच-पाच मिनिटं धरून ठेवावी लागते आणि दंड भरून येतात. ताडोब्यात जिप्सीत बसलात तर धूळ आणि हादरे. ट्रेकला जाऊन जमलं तर पक्षी बघणाऱ्यांचा प्रश्न सॅकचा, त्याबद्दल पुढे.

म्हणून गेल्या सहा महिन्यांतल्या फेऱ्या आठवा. 'कधीतरी लडाखला जाईन' म्हणून घेऊ नका. दर रविवारी जिथे जाता, तिथल्यासाठी घ्या.

३. प्रकार चार आहेत, निवड बहुधा दोघांतच

एका खांद्यावरून तिरकी जाणारी पट्टी. झोळीसारखी, स्वस्त, सुटसुटीत. मानेचा भार जातो, पण तो सगळा एका खांद्यावर येतो आणि वाकलं की दुर्बीण पुढे येते. शहरातल्या टेकडीवर तासभर फिरायला ठीक.

पाठीवर फुली असलेला इलॅस्टिकचा हार्नेस. आपल्याकडे सर्रास दिसतो तो हाच. दोन पट्ट्या खांद्यांवरून मागे जातात, पाठीवरच्या चामडी किंवा कापडी चकतीत एकमेकींना छेदतात आणि विरुद्ध बाजूच्या काखेखालून पुढे दुर्बिणीपाशी येतात. दुर्बीण उचलली की इलॅस्टिक ताणलं जातं. चालताना ती छातीला चिकटून राहते, झोका नाही. घालून दुकानात दोन मिनिटं उभं राहिलं की स्वर्ग वाटतो. खोट नंतर कळते: डोळ्याला लावलेली असताना इलॅस्टिक तिला सतत खाली ओढत असतं. पाच मिनिटं घार बघितली की हात थरथरतात. शिवाय घाम आणि ऊन मिळून इलॅस्टिकचा जीव दोन-तीन वर्षांत काढतात आणि चालताना दुर्बीण वरखाली नाचायला लागते. माझा पहिला हार्नेस हाच.

फुलीचाच पण सरकत्या पट्ट्यांचा. यात ताण नसतो. पट्टी न ताणणारी असते आणि दुर्बिणीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून मोकळी सरकते. उचललं की वरची बाजू आखूड होते, खालची लांब. डोळ्यापाशी ओढ नाही. दिसायला आधीच्यासारखाच, त्यामुळे खरेदी करताना वर्णनात पट्टी इलॅस्टिकची आहे की नायलॉनची, हे मुद्दाम बघा. मी आज हाच वापरते आणि महाराष्ट्रात नव्याने सुरुवात करणाऱ्या दहातल्या आठ जणांना हाच सांगेन.

छातीवरचं बंद पाऊच. चार पट्ट्या, पाठीवर चकती, पुढे झाकणाचा डबा. दुर्बीण त्यात बसते आणि दोन छोट्या बंदांनी पट्ट्यांना जोडलेली राहते, म्हणजे हातातून सुटली तरी पडत नाही. धूळ, काटे, दगडावर घासणं, यापासून उत्तम बचाव. मोटरसायकलवरून माळरानं फिरणाऱ्यांनी, जिप्सीत रोज बसणाऱ्यांनी आणि गणनेच्या कामाला जाणाऱ्यांनी जरूर विचार करावा. पण त्याचे तीन त्रास जाहिरातीत नसतात. मे महिन्यात छातीवर फोमचा डबा बांधून चालणं म्हणजे उन्हाळ्यात गोधडी पांघरणं. मागचा शर्ट तासाभरात पिळून काढावा लागतो. दुसरं, डबा जाड असेल तर स्वतःची पावलं दिसत नाहीत. सपाटीला याने फरक पडत नाही, घसाऱ्याच्या उतारावर पडतो. राजमाचीवरून उतरताना मी दोनदा बसले ते याच डब्यामुळे. तिसरं बुरशीचं, ते शेवटच्या पायरीत.

४. माप घ्या, आणि सॅकसकट घ्या

छातीचा घेर सगळ्यात जाड कपड्यावरून मोजा. हिवाळ्यात पहाटे जाकीट असतं, दहा वाजता ते सॅकमध्ये जातं. दोन्ही वेळी पट्टे जुळायला हवेत. वर्णनात कमाल घेर दिलेला असतो. तुमचं माप अगदी त्या टोकाला येत असेल तर घेऊ नका. बारीक अंगाच्या लोकांनी किमान मापही बघावं. विदेशी हार्नेस सहा फुटी माणसाच्या हिशेबाने शिवलेले असतात. पूर्ण आवळूनही ढिले राहिले तर पाठीवरची चकती कमरेकडे घसरते आणि दोन्ही पट्ट्या काखेत काचतात.

मग सॅक. हीच जागा सगळे विसरतात. पाठीवरची चकती सॅकच्या पट्ट्यांच्या मध्ये, दोन खवाट्यांच्या मधोमध यायला हवी. चकतीवर धातूचं कडं किंवा जाड बकल असेल तर दोन किलोची सॅक चढवल्यावर ते मणक्यात रुततं. सपाट शिवलेली चकती निवडा. क्रम कायम एकच ठेवा: आधी हार्नेस, वरून सॅक. उलट केलं तर पाण्याची बाटली काढायला सॅक उतरवताना हार्नेसही सोडावा लागतो. सॅकला छातीवर आडवा बंद असेल तर तो दुर्बिणीच्या वर येतो की खाली, हे घरीच ठरवून टाका.

बायकांसाठी थोडं वेगळं, कारण वर्णनं लिहिणाऱ्यांना हे सुचलेलं दिसत नाही. पुढे छातीवर आडवी पट्टी असलेला प्रकार बहुतेकींना सोयीचा पडत नाही. काखेखालून जाणाऱ्या, पुढचा भाग मोकळा ठेवणाऱ्या पट्ट्या बऱ्या. मंगळसूत्र किंवा साखळी सरकत्या कड्यात अडकते, आणि अडकते ती नेमकी दुर्बीण झटक्यात उचलताना. मी ती घरीच काढून ठेवते. पाठीवर वेल्क्रो असलेला हार्नेस लांब केस असलेल्यांनी घेऊच नये. माझ्या वेणीतले किती केस त्यात गेले त्याचा हिशेब नाही. ओढणी असेल तर ती हार्नेसच्या आतून, गाठ मारून.

५. विकत घेण्याआधी कुणाचा तरी घालून बघा

सगळ्यात स्वस्त पायरी. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. गावोगावी फेऱ्या निघतात, नवख्यांचं स्वागत असतं. तिथे चार जणांच्या अंगावर चार तऱ्हेचे हार्नेस दिसतील. विचारा. पक्षीनिरीक्षक एरवी कमी बोलतात, पण आपल्या सामानाबद्दल विचारलं की थांबत नाहीत. दहा मिनिटं मागून घ्या आणि त्यांच्या दुर्बिणीवर नाही, आपल्या दुर्बिणीवर लावून बघा.

ऑनलाइन घ्यायचा तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि पार्सल आल्या दिवशीच उघडा. मी घेतलेला दुसरा हार्नेस पावसाळ्यात आला, 'जायचं तेव्हा बघू' म्हणून कपाटात ठेवला आणि ऑक्टोबरात उघडला तर एका बाजूची शिवण उसवलेली. मुदत केव्हाच संपली होती.

रंगाबद्दल एक सूचना. लष्करी गणवेशासारखी ठिपक्यांची नक्षी टाळा. खडकवासल्याला, एनडीएच्या आसपास, गळ्यात दुर्बीण आणि अंगावर तसली नक्षी घेऊन फिरलात तर पक्ष्यांपेक्षा तुमचंच निरीक्षण जास्त होईल. मातकट, करडा, मळकट हिरवा यांतलं काहीही चालतं.

६. जोडणी: इथेच दुर्बिणी पडतात

दुर्बिणीच्या दोन्ही बाजूंना पट्टा ओवायची अरुंद खाच असते. हार्नेससोबत दोन जोड-पट्ट्या येतात. त्यांचं एक टोक या खाचेतून ओवायचं, दुसरीकडे खटक्याची क्लिप.

– पट्टी खाचेतून जाते का, ते आधी बघा. काही दुर्बिणींची खाच इतकी अरुंद असते की जाड पट्टी जातच नाही. तेव्हा मजबूत नायलॉन दोरीचा छोटा फास ओवून त्यात क्लिप अडकवतात. चावीच्या कडीचा जुगाड करू नका, ती धातूवर घासत राहते आणि कधीतरी उघडते.
– पट्टी बकलमधून ओवल्यावर टोक पुन्हा मागे फिरवून त्याच बकलमध्ये अडकवा. नुसती एकदा ओवलेली पट्टी आज घट्ट वाटते आणि महिन्याभरात मिलिमीटर मिलिमीटर सरकत सुटते.
– क्लिप लावल्यावर 'टक्' ऐका, मग ओढून बघा. पलंगावर, गादीच्या वर. दोन्ही क्लिपा वेगवेगळ्या ओढा.
– मूळ पट्टा काढलात की त्यात ओवलेलं डोळ्याकडच्या भिंगांचं झाकणही निघून येतं आणि लोक ते खोक्यात टाकून विसरतात. ते बारीक दोरीने एका जोड-पट्टीला बांधा. पावसासाठी त्याचा उपयोग आहेच, पण खरा उपयोग नाश्त्याच्या वेळी. पोह्यांचे कण आणि शेव भिंगावर पडलेली मी स्वतः साफ केली आहे.

बंद पाऊच घेत असाल तर झाकण कसं लागतं ते बघा. वेल्क्रोचा 'खर्रर्र' आवाज शांत जंगलात तोफेसारखा जातो. समोरचा पक्षी तुमचा आवाज ऐकूनच उडेल. चेनवाली झाकणं शांत पण हळू. चुंबकाची सर्वात सोयीची, एका हाताने उघडतात. मात्र होकायंत्र जवळ ठेवलं तर त्याची सुई भरकटते, आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी छातीवर चुंबक बांधायच्या भानगडीत पडूच नये. झाकणाची बिजागरी पुढच्या बाजूला असावी, म्हणजे ते तुमच्यापासून दूर पडतं. अंगाकडे उघडणारं झाकण दुर्बीण आणि छाती यांच्या मध्ये लुडबुडतं.

७. घरात पंधरा मिनिटांची परीक्षा

पूर्ण वेषात, सॅकसकट, आरशासमोर:

अ) हात सोडून उभे राहा. दुर्बीण छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, पोटाच्या वर हवी. खाली असेल तर पायऱ्या चढताना मांडी लागेल.
आ) दुर्बीण डोळ्याला लावा आणि साठपर्यंत मोजा. पट्टा खाली ओढतोय का, खांद्यावर कपडा गोळा होतोय का?
इ) बुटाची नाडी बांधायला वाका. दुर्बीण फार पुढे झुलली तर खालच्या पट्ट्या आवळा. ओढ्यावर तोंड धुवायला वाकले असताना माझी दुर्बीण दगडावर आपटली होती. भिंगाला काही झालं नाही, पण नंतरचे दोन दिवस दोन्ही डोळ्यांना दोन चित्रं दिसत होती आणि दुरुस्तीला ती महिनाभर गेली.
ई) दोन्ही हात वर करा, कातळ चढताना करतो तसे. काखेत काचतं का?
उ) जिना चढून उतरा. उतरताना पावलं दिसतात ना?
ऊ) एका हाताने सगळा हार्नेस सोडवता येतो का? होडीतून पाण्यात पडलात किंवा करवंदीच्या जाळीत अडकलात तर हेच लागणार आहे.

लोंबणारी जास्तीची टोकं कापायची घाई करू नका. जाकिटाचा मोसम एकदा जाऊ द्या. तोवर ती गुंडाळून रबरबँड लावा. पुढे कापलीत तर टोक मेणबत्तीवर हलकेच वितळवा, नाहीतर धागे सुटतात.

पहिल्या फेरीत अर्ध्या तासाने थांबा आणि पट्टे पुन्हा जुळवा. अंग गरम झालं, कपडे घामाने चिकटले की घरचं माप बदलतं. आणि एक बारीक गोष्ट: छातीवर घासून घासून उजव्या डोळ्यापाशचं, दोन डोळ्यांतला फरक जुळवायचं कडं हळूच फिरतं. अचानक चित्र धूसर वाटलं, तर दुर्बीण बिघडली म्हणून घाबरण्याआधी ते बघा. मी त्या कड्यावर आणि शेजारच्या नळीवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला आहे. ठिपके समोरासमोर आले की झालं.

८. घाम, पाऊस आणि बुरशी

उन्हाळ्यात दोन-तीन फेऱ्यांनंतर पट्ट्यांवर मिठाचे पांढरे डाग उमटतात. दुर्बीण काढून ठेवा, हार्नेस कोमट पाण्यात, थोड्या साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये क्लिपा तुटतात. इलॅस्टिक असेल तर पिळू नका.

पावसाळ्यात आंबोली, फणसाड, कर्नाळा अशा ठिकाणी जात असाल तर घरी आल्यावर दुर्बीण पाऊचमध्ये ठेवायची नाही. हा बंद पाऊचचा तिसरा त्रास. ओला फोम, अंधार आणि कोंदट हवा: भिंगावर बुरशी धरायला आणखी काय हवं? कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे भिंगाच्या आत दिसायला लागले की कापडाने पुसून जात नाहीत, दुर्बीण उघडून साफ करावी लागते. पाऊच पंख्याखाली उलटं टांगा. दुर्बीण कोरड्या कापडाने पुसून, पूर्ण सुकल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी दाणे हिरवे झाले की ते बदलायचे किंवा गरम करून सुकवायचे. कोकणात राहणाऱ्यांनी हे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला बघावं.

दर वर्षी पावसाळा सरला की एकदा सगळ्या शिवणी बोटाने चाचपा, क्लिपांच्या दातांना तडा गेलाय का ते उजेडात धरून बघा. एक क्लिप गेली तर दोन्ही बदला. सॅक दुरुस्त करणाऱ्याकडे तशाच मापाच्या किरकोळ किमतीत मिळतात. आणि मूळ पट्टा फेकू नका. माझा सॅकच्या तळाशी गुंडाळून पडलेला असतो, आणि गेल्या हिवाळ्यात भिगवणलाच एका मुलीच्या दुर्बिणीचा पट्टा होडीत चढताना तुटला तेव्हा तो कामी आला.